दुखत नाही, म्हणूनच दाखवा

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशा मंडळींसाठी या भागाचा मजकूर. बोलताना येणारे 'अं' आणि 'तर मग' थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

गोंदियाहून बोलतोय. बाहेर पाऊस आहे, त्यामुळे मधेच पत्र्यावरचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आज सुरुवातीलाच एक छोटं काम सांगतो. ज्या फोनवर हे ऐकताय ना, त्याच्या काचेवरून अंगठा हळूच फिरवा. स्क्रीनगार्डला कुठे चरा पडला असेल तर लगेच कळेल. तो चरा केसाच्या जाडीपेक्षाही उथळ असतो. डोळ्यांना तो दिसण्यासाठी फोन उजेडात तिरपा धरावा लागतो, पण बोटाला मात्र एका फेरीत सापडतो.

आता आपल्याकडचं एक चित्र डोळ्यांसमोर आणा. गोंदिया-भंडाऱ्याकडे विडी वळणाऱ्या बाया तुम्ही पाहिल्या असतील. तेंदूच्या पानाचा कापलेला तुकडा, त्यात चिमूटभर तंबाखू, वळणं, टोक दुमडणं, सुताचा फेरा. एकमेकींशी बोलत असतात, टीव्हीवर मालिका चालू असते, नजर हातावर नसतेच. तंबाखू जास्त झाली की कमी, पान कुठे फाटतंय का, हा सगळा हिशोब बोटांची टोकं ठेवतात.

मी लहानपणापासून ओळखायचो अशा एक मावशी होत्या. विडी वळायच्या आणि दिवसातून दोन-चार ओढायच्यासुद्धा. एका संध्याकाळी ओसरीत गप्पा चालल्या होत्या. विडी पार शेवटपर्यंत जळत आली आणि दोन बोटांच्या मधली कातडी भाजायला लागली. शेजारणीला वास आला. ती ओरडली, "अवो, बोट जळून रायलं ना तुमचं!" मावशींनी खाली पाहिलं, तेव्हा त्यांना कळलं. त्याच हातावर वर्षभरापासून एक फिकट, तांबूस चट्टा होता. कोणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं: "दुखत नाई, खाजत नाई, तं दवाखान्यात जाऊ कायले?"

आजचा अख्खा भाग या एका वाक्याबद्दल आहे. ते वाक्य का फसवं आहे, हे समजून घ्यायला आपल्याला बोटाच्या टोकात, अगदी सूक्ष्मदर्शकाखाली जावं लागेल. चला.

बोटाच्या टोकात कोण राहतं?

शाळेत आपण 'त्वचा हे स्पर्शाचं इंद्रिय' असं पाठ केलं आणि विषय संपला. पण स्पर्श ही एकच गोष्ट नाही. गरम, गार, टोचणं, दाब, थरथर, घसरणं, प्रत्येकासाठी कातडीत वेगवेगळी व्यवस्था आहे. मेंदूकडे जाणारे जे संवेदी मज्जातंतू आहेत, त्यांची टोकं कातडीत येऊन संपतात. काही टोकं अगदी उघडी असतात, झाडाच्या बारीक मुळ्यांसारखी. वेदना आणि तापमान मुख्यतः तीच टिपतात. काही टोकं मात्र खास घरं बांधून राहतात.

त्यातलं एक घर म्हणजे माइस्नरची कणिका. जर्मनीत गेओर्ग माइस्नर आणि रुडोल्फ वॅगनर यांनी १८५२ च्या सुमारास तिचं वर्णन केलं. बोटांच्या टोकावरच्या ज्या रेषा आहेत ना, ज्यांचा ठसा आधारला देतो, त्याच रेषांच्या खाली या कणिका असतात. लांबी साधारण एक दशांश मिलिमीटर. आत मज्जातंतूचं टोक नागमोडी वळत वर जातं आणि त्याच्या भोवती चपट्या पेशींच्या चकत्या, एकावर एक रचलेल्या. हलका स्पर्श आणि वस्तू बोटातून निसटायला लागली तर ते निसटणं, या गोष्टी ही कणिका टिपते. विडी वळणारीचं सगळं कसब इथे आहे, आणि तुमच्या अंगठ्याला चरा कळला त्यातही हिचा वाटा आहे.

दुसरं घर जरा खोलवर असतं, पॅसिनीची कणिका. ही आकाराने मोठी, एक मिलिमीटरपर्यंत जाते, म्हणजे नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकते. कापलेल्या कांद्यासारखे थरावर थर. ही थरथर ओळखते, आणि तीही साधारण २०० ते ३०० हर्ट्झची सगळ्यात चांगली. फोन सायलेंटवर ठेवला आणि हातात 'गुर्र' झालं, की निरोप या कणिकेने पोचवला असं समजा.

आणखी एक. माइस्नरच्या कणिका वयाबरोबर कमी होत जातात. आजीला सुईत दोरा ओवताना त्रास होतो तेव्हा आपण फक्त चष्म्याला दोष देतो. बोटांचाही थोडा भाग असतो त्यात.

काप घेतला, पण दिसेना

आता समजा कातडीचा एक इवलासा तुकडा घेतला, पातळ काप केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. काय दिसेल? जवळजवळ काहीच नाही. पेशी पारदर्शक असतात. म्हणून रंग द्यावा लागतो. नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी रंगाने पेशी दिसतात, पण मज्जातंतूंची ही बारीक टोकं त्या गर्दीत हरवून जातात. चांदीच्या क्षारांनी तंतू काळे करायची जुनी पद्धत आहे, पण ती लहरी. एकदा छान जमते, पुढच्या वेळी तोच माणूस, तीच बाटली, आणि सगळा काप काळाकुट्ट.

मग काही लोकांच्या डोक्यात वेगळा विचार आला. पेशीला रंगवण्याऐवजी, ती पेशी जे काम करते त्यालाच रंग आला तर?

इथे एन्झाइम येतं. पाठ्यपुस्तकात याला विकर म्हणतात. एन्झाइम म्हणजे शरीरातला कामगार, एका पदार्थाचं दुसऱ्यात रूपांतर करून देणारा. स्वतः न संपता तेच काम पुन्हा पुन्हा करतो. आपल्याला आज जो कामगार हवाय त्याचं नाव कोलिनएस्टरेज.

नाव अनोळखी वाटलं तरी त्याच्याशी आपला संबंध जुना आहे. मज्जातंतू स्नायूला 'आकुंचन पाव' असा निरोप देतो तो अ‍ॅसिटाइलकोलिन नावाच्या रसायनातून. निरोप पोचला की ते रसायन लगेच पुसायला हवं, नाहीतर स्नायू आखडलेलाच राहील. हे पुसायचं काम अ‍ॅसिटाइलकोलिनएस्टरेज करतं, एका सेकंदात हजारो रेणू. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतमजुरांचे जीव गेले, ते तुम्हाला आठवत असेल. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं याच एन्झाइमला बंद पाडतात. मग लाळ, घाम, उलट्या, स्नायूंची थरथर, श्वास कोंडणं. धानावर फवारणी करणाऱ्या घरात हे माहीत असलेलं बरं. विषबाधेच्या रुग्णाच्या रक्तात डॉक्टर कोलिनएस्टरेज तपासतात ते यासाठीच. रक्तात तपासतात तो बहुधा याचा चुलतभाऊ असतो, ब्युटिरिलकोलिनएस्टरेज. हा चुलतभाऊ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तपकिरी रंगाची युक्ती

१९४९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोएल आणि जोनास फ्रिडेनवाल्ड यांनी एक युक्ती छापली. त्यांनी एन्झाइमला फसवलं. अ‍ॅसिटाइलकोलिनच्या रेणूत एका ठिकाणी ऑक्सिजन असतो. तिथे गंधक बसवलं की अ‍ॅसिटाइलथायोकोलिन तयार होतं. एन्झाइमला फरक कळत नाही, ते नेहमीसारखं तोडून टाकतं. पण आता तुटलेल्या तुकड्यात गंधक आहे, आणि गंधकवाला तुकडा तांब्याला धरून तिथल्या तिथे साका होऊन बसतो. जिथे एन्झाइम, तिथे साका.

१९६४ मध्ये कार्नोव्हस्की आणि रूट्स यांनी यात सुधारणा केली. त्यांच्या द्रावणात फेरीसायनाइड आणि तांबं दोन्ही असतात. एन्झाइमने तोडलेला तुकडा फेरीसायनाइडचं फेरोसायनाइड करतो, ते तांब्याशी मिळून तपकिरी कॉपर फेरोसायनाइड होतं. म्हणजे काप द्रावणात ठेवायचा, थांबायचं, आणि जिथे एन्झाइम काम करतंय तिथे हळूहळू तपकिरी रंग चढताना बघायचा.

विचार करा, काय झालं हे. तो कातडीचा तुकडा शरीरातून कधीच वेगळा झालाय. तरी त्यातला कामगार अजून कामावर आहे, आणि आपण त्याचं काम बघतोय. फोटोत माणूस दिसतो. इथे त्याच्या हातून घडणारी वस्तू दिसते.

यासाठी काळजी मात्र फार घ्यावी लागते. नेहमीच्या पद्धतीत तुकडा गरम मेणात बसवतात. त्या उष्णतेत आणि आधीच्या अल्कोहोलमध्ये हे एन्झाइम बहुतेक निकामी होतं. म्हणून तुकडा गोठवायचा, उणे २० अंशांच्या आसपासच्या यंत्रात त्याचे काप घ्यायचे, फॉर्मालिनमध्ये थंडच ठेवायचा आणि तोही थोडाच वेळ. शिवाय दिसलेला तपकिरी रंग खरा की आपोआप पडलेला, हे कसं कळणार? त्यासाठी शेजारी दुसरा काप ठेवतात, ज्याच्या द्रावणात एन्झाइमचं खाद्यच घातलेलं नसतं. तिथेही रंग आला तर आपला निष्कर्ष गेला पाण्यात. आणि दोन चुलतभावांपैकी काम कोण करतंय? त्यासाठी एकाला बंद पाडणारं औषध घालतात. एकाला बंद केल्यावर रंग गेला, तर काम त्याचंच होतं.

रंग भलत्याच ठिकाणी उमटला

१९६० मध्ये निकोलस काउना यांनी माणसाच्या बोटातल्या स्पर्शकणिकांमधलं कोलिनएस्टरेज कुठे कुठे आहे, यावर काम प्रसिद्ध केलं. आपल्याला वाटेल, रंग मज्जातंतूत उमटणार. निरोप तोच नेतो ना?

पण माइस्नर आणि पॅसिनी, दोन्ही प्रकारच्या कणिकांमध्ये ठळक रंग दिसतो तो मज्जातंतूच्या भोवतालच्या चपट्या पेशींमध्ये. त्या चकत्या, ते कांद्याच्या गाभ्याचे थर. आणि तिथलं एन्झाइम कोणतं? मुख्यतः तो चुलतभाऊ, ब्युटिरिलकोलिनएस्टरेज. तिथे त्याचं नेमकं काम काय, यावर शास्त्रज्ञांत अजूनही एकमत नाही. पण त्या रंगाने एक गोष्ट पक्की केली: त्या चपट्या पेशी म्हणजे नुसतं भरताड नाही. त्या जिवंत, कामात असलेल्या पेशी आहेत. त्या श्वान पेशींच्या कुळातल्या. श्वान हे शास्त्रज्ञाचं नाव बरं का, थिओडोर श्वान. आपल्या शरीरातल्या प्रत्येक मज्जातंतूच्या सोबत श्वान पेशी चालतात, त्याला गुंडाळून ठेवतात, पोसतात, तुटला तर पुन्हा वाढायला वाट करून देतात.

प्राण्यांवरच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. मज्जातंतू कापला की कणिकेच्या आतलं त्याचं टोक काही दिवसांत नष्ट होतं. पण भोवतालच्या पेशी लगेच मरत नाहीत. त्यांच्यातलं एन्झाइम त्यानंतरही बराच काळ तपकिरी रंग देत राहतं, मग हळूहळू कमी होतं. घरातला माणूस गेलाय, पण चूल अजून धुमसतेय. तेवढ्या मुदतीत तंतू परत वाढत आला तर त्याला जुनं घर सापडू शकतं. फार उशीर झाला तर घर आक्रसून जातं.

ही मुदत डोक्यात ठेवा. आता मावशींच्या चट्ट्याकडे येऊ.

त्याच घरात घुसणारा जंतू

तुम्ही ओळखलं असेलच. मावशींना कुष्ठरोग होता.

त्याचा जंतू नॉर्वेतल्या गेरहार्ड हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला. हा जंतू भयंकर संथ आहे. पोटातले काही जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात, याला साधारण १२ ते १४ दिवस लागतात. त्यामुळे लागण झाल्यापासून पहिलं लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही. त्याला शरीराचे थंड भाग आवडतात: कातडी, कानाची पाळी, हातापायांची बोटं. आणि त्याचं सगळ्यात लाडकं घर म्हणजे श्वान पेशी. हो, त्याच. मज्जातंतूला सांभाळणारी पेशीच त्याने राहायला निवडली.

हे समजण्यात मराठी माणसाचा मोठा हात आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर, मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये पॅथॉलॉजीची प्रयोगशाळा उभी करणारे. कॅन्सरवरच्या कामासाठी ते जास्त ओळखले जातात. पण कुष्ठरोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांचे काप त्यांनी बारकाईने तपासले आणि १९५१ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. कातडीतल्या बारीक मज्जातंतूंमध्ये जंतू किती लवकर शिरतो, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे आपण ज्याला कातडीचा रोग म्हणतो, तो पहिल्या पायरीपासून मज्जातंतूंचा रोग आहे. पुढे १९५५ मध्ये मुंबईतलेच डॉ. दराब दस्तूर यांनी चट्ट्यावरची संवेदना किती गेली आणि त्याच जागच्या मज्जातंतूंची सूक्ष्मदर्शकाखाली अवस्था काय, यांची सांगड घातली.

गंमत बघा, गंमत म्हणण्यासारखं नाही खरं तर. ज्या १९४९ साली तिकडे एन्झाइमला रंग देण्याची युक्ती छापली गेली, त्याच साली इकडे वरोऱ्याला बाबा आमटेंनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. एकीकडे संवेदना कुठे राहते याचा शोध, दुसरीकडे संवेदना गेलेल्या माणसांना समाजाने बाहेर काढलं म्हणून त्यांच्यासाठी आनंदवन.

बरं, तो जंतू घरात शिरल्यावर काय होतं? तो स्वतः फार गडबड करत नाही. बरंचसं नुकसान आपलीच प्रतिकारशक्ती करते. ती जंतूवर हल्ला करते, त्या मारामारीत सूज येते आणि बिचारा मज्जातंतू चेंगरतो. चट्ट्यात सहसा आधी गरम-गार कळणं जातं, मग हलका स्पर्श, मग टोचणं. खोल दाब सगळ्यात शेवटी. म्हणून माणसाला वाटतं, 'हात लावलेला तर कळतोय की!' पण विडीची आग कळत नाही.

चट्ट्यावर घामही येत नाही, लव गळते. घामाच्या ग्रंथींना निरोप देणारे तंतू अ‍ॅसिटाइलकोलिनवर चालतात आणि त्यांच्या आसपास कोलिनएस्टरेज भरपूर असतं. निरोगी कातडीच्या कापात घामग्रंथींभोवती तपकिरी जाळं दिसतं. तंतू मेले की जाळंही जातं. धान रोवणीच्या दिवसांत, अंगावर घामाच्या धारा असताना, एकच ठिपका कोरडा राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली जी जागा रिकामी, बाहेरून तीच कोरडी.

मग करायचं काय?

आता मुद्द्यावर. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. त्याचा अर्थ होता दर दहा हजार माणसांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. रोग संपला असा त्याचा अर्थ नव्हता. आपला पूर्व विदर्भ, म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, हा राज्यात हा रोग जास्त आढळणारा पट्टा. म्हणून तर आशाताई घरोघरी येऊन विचारतात, 'अंगावर चट्टा आहे का?' आणि आपण दारातूनच सांगतो, 'नाही हो ताई, काही नाही.' शर्टाच्या आत काय आहे ते आपल्यालाच माहीत.

ओळखायचं कसं? फिकट किंवा लालसर चट्टा, जो खाजत नाही, दुखत नाही आणि महिनोन् महिने जातही नाही. दवाखान्यात तपासतात ती पद्धत अगदी साधी आहे. आधी डोळे उघडे ठेवून काय करणार ते दाखवतात. मग डोळे मिटायला सांगतात आणि कापसाच्या टोकाने किंवा पेनच्या टोकाने हलकेच स्पर्श करतात. कुठे लावलं ते बोटाने दाखवायचं. चट्ट्याबाहेर बरोबर दाखवता आलं आणि चट्ट्यावर आलं नाही, तर ती मोठी खूण. ती पेनची निब शेवटी त्याच कणिकांना आणि उघड्या टोकांना विचारत असते, 'घरात आहे का कोणी?'

पण घरच्या घरी करून 'मला कळतंय, म्हणजे काही नाही' असं ठरवू नका. काही प्रकारांत चट्ट्यावर संवेदना शाबूत असते, चेहऱ्यावर तर बधिरपणा सहज कळत नाही. आणि प्रत्येक चट्टा कुष्ठरोगाचा नसतो. शिबं असतील, कोड असेल, साधं नायटं असेल. ते ठरवायचं काम डॉक्टरांचं. आपलं काम दाखवायचं. चट्ट्याशिवायही काही खुणा आहेत: करंगळीत बधिरपणा, कोपराजवळची नस जाड झालेली, पायातून चप्पल निसटली आणि चार पावलं गेल्यावर कळलं. असं काही असेल तर थांबू नका.

उपचार? जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ मध्ये एकापेक्षा जास्त औषधं एकत्र देण्याची पद्धत सुचवली. आज सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. कोर्स ६ किंवा १२ महिन्यांचा. औषध सुरू झालं की थोड्याच काळात तो माणूस दुसऱ्याला लागण देत नाही. शिवाय बहुसंख्य माणसांची प्रतिकारशक्ती या जंतूला मुळात उभंच करत नाही. एका ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने घाबरायचं कारण नाही.

आणि मुदतीची आठवण आहे ना? मज्जातंतूला झालेली इजा ताजी असेल, साधारण सहा महिन्यांच्या आतली, तर औषधांनी संवेदना आणि ताकद परत येण्याची चांगली शक्यता असते. जंतू तर वर्षानंतरही मरतो, दोन वर्षांनंतरही मरतो. पण मेलेला तंतू औषधाने परत येत नाही. उशिराची किंमत जंतू घेत नाही, बोटं देतात.

मावशी का थांबल्या, ते सांगतो. पोरीचं लग्न ठरत होतं. चट्ट्याचं नाव निघालं असतं तर सोयरीक मोडली असती, असं त्यांना वाटलं. आणि त्यांची भीती हवेतली नव्हती. आपल्या देशात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं, ते २०१९ च्या दुरुस्तीने काढून टाकलं गेलं. २०१९! तुमच्यापैकी बहुतेकांच्या हातात तेव्हा स्मार्टफोन होता.

लग्न झालं, मग मावशी दवाखान्यात गेल्या. औषध पूर्ण केलं, बऱ्या झाल्या. जंतू गेला. पण दोन बोटांची संवेदना परत आली नाही. पुढे त्या विडी वळायला बसल्या तर नजर सतत हातावर. टीव्ही बंद, गप्पा बंद. आधी बोटं करत होती ते काम आता डोळ्यांना करावं लागायचं, आणि डोळे थकायचे. दिवसाच्या विड्या कमी झाल्या, मजुरी कमी झाली. एकदा मला म्हणाल्या, "तवा थोडंसं जरी दुखलं असतं ना बाबू, तं मी धावत गेली असती."

तेच तर. दुखणं हा निरोप आहे. निरोप देणारा मेला की घरात शांतता होते, आणि आपण त्या शांततेला बरं वाटणं समजतो.

म्हणून आजचा गृहपाठ. आज आंघोळीनंतर आरशासमोर उभे राहा. पाठ दिसत नाही, तर फोनने फोटो काढा. तसेही दिवसाला वीस सेल्फी काढतो आपण, एक पाठीचा काढा. घरात आई, आजी, मावशी असतील त्यांना विचारा. जुना, न दुखणारा चट्टा दिसला तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. आशाताई दारात आल्या तर या वेळी खरं सांगा. ३० जानेवारीला, गांधीजींच्या स्मृतिदिनी, गावोगाव कुष्ठरोगाची जनजागृती होते. त्या मोहिमेचं नाव आहे 'स्पर्श'. नाव कोणी ठेवलं माहीत नाही, पण अगदी बरोबर ठेवलंय.

आणि हो, मघाशी काचेवरून अंगठा फिरवला होता ना? आता एकदा पुन्हा फिरवा. तो चरा कळतोय. अंगठ्याच्या आत, एक दशांश मिलिमीटरच्या त्या घरात, सगळे कामावर आहेत.

चला मंडळी, पाऊस वाढलाय. हा भाग घरच्या ग्रुपवर टाका, विशेषतः ज्या ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग येतं त्यावर. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि दुखत नसलं तरी दाखवा.